आजी कशाने गेली?

आज सर्वपित्री अमावस्या. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठावरल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या गावांत आज घरोघरी पान वाढले जाईल. ज्यांची तिथी पंधरवड्यात राहून गेली, ज्यांची तिथी कुणाला आठवतच नाही, अशा सगळ्यांसाठी हा दिवस राखलेला असतो. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी-भात असे पान कौलांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर ठेवून माणसे कावळ्याची वाट पाहतील. जिथे विधीने श्राद्ध होते तिथे बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातील. याच पंधरवड्यातली नवमी तर सवाष्णपणी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी एखाद्या सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरताना कुणाला आत्या आठवते, कुणाला थोरली जाऊ, कुणाला कधीच न पाहिलेली आजी.

या सगळ्या आठवणींत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ती कशाने गेली? विचारलाच, तर उत्तर अर्धेमुर्धे मिळते. "गाठ झाली होती." "पोटात पाणी झालं होतं." "टाटाला नेलं होतं." आपल्याकडे हे शेवटचे उत्तर पुरेसे असते. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि पुढे त्याचे नाव खेड्यापाड्यांत इतके रुजले की रुग्णालयाचे नाव घेतल्यावर रोगाचे नाव घ्यावे लागत नाही. ऐकणारा मान हलवतो, विषय तिथेच मिटतो. गेलेल्या बाईचे नाव आपण जपतो, तिच्या आजाराचे नाव मात्र तिच्याबरोबर जाऊ देतो. तिच्या लेकी-नातींचे यात मोठे नुकसान आहे, आणि आजच्या दिवशी तेच सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बहुतेक कर्करोग वारशाने येत नाहीत. शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांच्या बाबतीतच रोगाचे मूळ आईबापांकडून आलेल्या एखाद्या जनुकातील बदलात सापडते. आपल्या तालुक्यांत तंबाखू आणि मशेरीने होणारे तोंडाचे कर्करोग कुणाच्या वंशात लिहिलेले नसतात. ते सवयीने येतात आणि सवय सोडल्याने टळू शकतात. तेव्हा घरात एकाला कर्करोग झाला म्हणून सगळ्या घराने धास्ती घेण्याचे कारण नाही. पण ज्या घरात एकामागून एक बायका चाळिशी-पंचेचाळिशीत स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्या, ज्या घरात बाप आणि काका दोघांनाही पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, त्या घराने तरी थांबून विचार केला पाहिजे. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यातला वारशाचा वाटा लहान धरला तरी तो हजारो घरांचा होतो.

अशा घरातले माणूस आनुवंशिकतेच्या समुपदेशकाकडे गेले की समुपदेशक पहिल्यांदा रक्त घेत नाही. तो कोरा कागद घेतो. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. जो विचारायला आला त्याच्याकडे एक बाण. नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ, तिच्यातून खाली उतरणारी लेकरे. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. ज्याला कर्करोग झाला तो चौकोन किंवा ते वर्तुळ काळे भरायचे आणि बाजूला वय लिहायचे. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल तर जोडरेघ. कागद भरत जातो तसे समोरच्या बाईचे डोळे त्या काळ्या ठिपक्यांवर खिळतात. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गावी झालेले मृत्यू ती पहिल्यांदाच एका जागी पाहत असते. या कागदावर निदान तीन पिढ्या लागतात. श्राद्धातही तीनच पिढ्यांची नावे घेतात. जी माहिती डॉक्टरला हवी असते, तिचा सांगाडा आपल्या घरात दर भाद्रपदात उभा राहतो. त्यात फक्त 'कशाने' आणि 'कितव्या वर्षी' एवढेच भरायचे राहिलेले असते.

आपल्या वंशावळींत आणखी एक उणीव आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत गावोगावच्या घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या सापडतात, पण त्यांत पुरुषांची ओळ लांब आणि लेकींची तुटक. लेक सासरी गेली की नाव बदलते, आणि तिच्या लेकरांचा हिशेब दुसऱ्या घराण्यात जातो. जनुक मात्र आडनाव पाहत नाही. ते आईकडून येते तसे बापाकडूनही येते. 'बाईचा आजार आईकडून लेकीला' हा समज इतका पक्का आहे की आत्या आणि बापाची आई यांचे आजार कुणी मोजतच नाही. बापाला स्वतःला काही होत नाही, तो धडधाकट शेती करतो, आणि त्याच्या आईकडून आलेला बदल त्याच्या हातून लेकीपर्यंत पोचलेला असतो. प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. थोरलीला मिळाला म्हणून धाकटी सुटली, असे होत नाही.

हे शास्त्र उभे राहिले तेच मुळी एका बाईच्या बोलण्यावरून. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये ॲल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरकडे शिवणकाम करणारी एक बाई नेहमी उदास असे. कारण विचारल्यावर ती म्हणाली की माझ्या घरातली पुष्कळ माणसे कर्करोगाने गेली, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिनने तिचे बोलणे अंधश्रद्धा म्हणून झटकले नाही, तिच्या घराण्याची नोंद ठेवली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी ते काम हाती घेतले, आणि आतड्याच्या व गर्भाशयाच्या कर्करोगांचा हा आनुवंशिक प्रकार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. स्तनाच्या कर्करोगाबाबत मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली सतराव्या गुणसूत्रावरची जागा दाखवली. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि त्यानंतरच्या वर्षी बीआरसीए-२ हे जनुक हाती लागले. शंभर वर्षांनी प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले, त्याचा माग एका शिवणकाम करणाऱ्या बाईला घरातल्या मरणांवरून लागला होता. आपल्या वाड्या-वस्त्यांवरही अशा बाया आहेत. त्यांचे कुणी ऐकून घेतले पाहिजे.

ऐकण्याइतकेच अवघड आहे ते सांगणे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत जगभर संशोधकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या अंगांनी तपासला: धोका माणसाला कसा सांगावा, म्हणजे तो कळेल, पण त्याने माणूस खचणार नाही? त्यातले काही निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत. गेर्ड गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की टक्केवारी डॉक्टरांनाही चकवते. 'शंभर बायकांपैकी इतक्या' असे सांगितले की ती गोष्ट पटकन समजते. पाश्चात्त्य देशांतल्या कुटुंबांच्या मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए-१ मध्ये घातक बदल असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे बहात्तर जणींना ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा, आणि चव्वेचाळीस जणींना अंडाशयाचा कर्करोग होतो. हा आकडा मोठा आहे. तरीही याच शंभरांतल्या अठ्ठावीस जणींना स्तनाचा कर्करोग होत नाही, हेही त्याच दमात सांगायचे असते. वर्तुळांच्या तक्त्यापेक्षा ओट्यावर मांडलेले शंभर ज्वारीचे दाणे ही गोष्ट चटकन पोचवतील.

दुसरा निष्कर्ष याहून महत्त्वाचा. कॅरिन लर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अशाच घराण्यांतल्या माणसांचा पाठपुरावा केला. चाचणी करून 'बदल आहे' असे कळलेली माणसे कोलमडून पडतील, अशी सगळ्यांना भीती होती. तसे सरसकट झाले नाही. उलट ज्यांच्या मनात कर्करोगाची धास्ती आधीच घर करून होती आणि तरी ज्यांनी निकाल जाणून घ्यायचे नाकारले, त्यांच्यात नैराश्य वाढलेले दिसले. 'कशाला सांगायचं, पोर हाय खाईल' ही आपल्या घरांतली माया खरी आहे. पण न सांगितल्याने पोरीची भीती जात नाही. ती एकटीच्या पदरात पडते, एवढेच.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला धोक्याबरोबर जगणे नवे नाही. उसाच्या शेतात बिबट्या वस्तीला आला त्याला कित्येक वर्षे झाली. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. कित्येक घरांनी इथे माणसे गमावली आहेत, आणि त्या दुःखाला उपमेत वापरण्याची इच्छा नाही. पण त्या दुःखातून आपण काय शिकलो ते सांगितले पाहिजे. एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की नव्या जागी हल्ले वाढतात, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या याच भागातल्या अभ्यासातून पुढे आले. उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा: तिन्हीसांजेला लेकराला एकटे न सोडणे, रात्री पाणी द्यायला जाताना मोबाईलवर गाणी लावणे, गोठा बंदिस्त करणे, उसाच्या कडेला वाकून बसायचे टाळणे. गाव सोडून कुणी गेले नाही. धोका कुठे आणि केव्हा असतो हे माहीत करून घेऊन लोक वागणे बदलून राहिले. घराण्यातल्या कर्करोगाच्या जोखमीचेही असेच आहे. ती आहे हे कळले, तर पंचविशीपासून नियमित एमआरआय तपासणी करता येते, मुले झाल्यावर योग्य वयात अंडाशय काढण्याचा विचार करता येतो, स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून धोका पुष्कळ कमी करता येतो. आतड्याच्या कर्करोगाच्या घराण्यात दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीतून तपासणी करून गाठी वेळेवर काढता येतात. यातले काय करायचे, की काहीच करायचे नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण ठरवायला आधी कळले तर पाहिजे.

कळवायचे कुणी, हा खरा पेच. समजा, घोड नदीच्या खोऱ्यातल्या एका बाईला एक्केचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि तपासणीत जनुकातला बदल सापडला. डॉक्टर सांगतात, "तुमच्या नातेवाइकांना कळवा." आता तिने काय करायचे? एक बहीण मुंबईत, भाऊ गावात, भावाच्या दोन मुली. थोरलीचे लग्न जमत आलेले. भावजय म्हणते, "आत्ताच नको, एवढं होऊ द्या." बहिणीचा नवरा म्हणतो, "तुमच्या माहेरचं आमच्या घरात कशाला?" आणि सासरी तिच्याच मुलींकडे कुणी निराळ्या नजरेने पाहू लागते. औषधपाणी, केस गळणे, दर तीन आठवड्यांची एसटी, हे सगळे सोसून वर ही पोस्टमनकी तिच्याच अंगावर. ती गप्प बसली तर तिला दोष देता येत नाही. जगातल्या बहुतेक ठिकाणचा अनुभव असा की चाचणीचा उपयोग होऊ शकेल अशा नातेवाइकांपैकी निम्म्यांपर्यंतही ती पोचत नाही. आपल्याकडे तर सोयरिकीची भिंत मध्ये आहे.

या भिंतीला शब्दही हातभार लावतात. 'जनुकीय दोष' असे डॉक्टरने म्हटले की ऐकणाऱ्याच्या कानात पितृदोष वाजतो, नाहीतर 'मुलीत दोष आहे' हे वाक्य. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' म्हटले की कोरोना पाहिलेल्या माणसाला वाटते, रोग झालाच. म्हणून समुपदेशकाने 'बदल' म्हणावे. बदल सापडला म्हणजे कर्करोग झाला नाही, हे प्रत्येक वेळी वेगळे सांगावे, आणि समोरच्याला काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय उठू नये. कधी अहवालात असाही बदल निघतो, ज्याचा अर्थ अजून उलगडलेला नसतो. जगातल्या जनुकीय माहितीचे साठे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे असल्याने आपल्या लोकांच्या अहवालांत हे जास्त घडते. अशा बदलाच्या जोरावर कुणी घाईने शस्त्रक्रिया करू नये, हे सांगणारे माणूस जवळ असायला हवे.

सांगण्याची रीत शोधायला फार लांब जायला नको. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरमध्ये १९४४ साली जन्मलेल्या अनिल अवचट यांनी पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ज्या आजाराला तोवर लाज आणि शिव्या यांखेरीज भाषा नव्हती, त्याला त्यांनी मराठीत बोलण्याची भाषा दिली. तिथे व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्या माणसाशेजारी बसतो. बायकोला आणि घरच्यांनाही बोलते केले जाते. डॉ. सुनंदा १९९७ साली कर्करोगाने गेल्या. त्यांच्या आजाराबद्दल अवचट मोकळेपणाने लिहीत-बोलत राहिले, आणि कितीतरी घरांत तो शब्द मोठ्याने उच्चारण्याचे बळ त्यातून आले. तिकडे हेन्री लिंच आनुवंशिक कर्करोगाचे अख्खे कुटुंबच एका जागी बोलावून सगळ्यांना मिळून माहिती देत, मग एकेकाशी स्वतंत्र बोलत. आपल्याकडे भावकी बसते ती बांधाच्या भांडणासाठी आणि लग्नाच्या याद्यांसाठी. ती लेकींसह एकदा यासाठीही बसू शकते.

नुसते सांगितल्याने काय होते, असे विचारणाऱ्याला बार्शीचे उदाहरण द्यावे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीला पाठवत. कस्तुरी जयंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की या जागृतीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. महागडे यंत्र दोन्ही ठिकाणी नव्हते. दार ठोठावून बोलणारी बाई होती.

उद्या घटस्थापना. २०२२ च्या घटस्थापनेलाच राज्य सरकारने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे अभियान सुरू केले होते. शिवनेरीवर शिवाईच्या दर्शनाला जाणाऱ्या बायकांच्या रांगा लागतील, आरोग्य शिबिरांचे फलकही लागतील. आमची मागणी अशी की या शिबिरांत रक्तदाब आणि साखरेच्या जोडीला चार प्रश्न विचारले जावेत. रक्ताच्या नात्यात, आईकडून आणि बापाकडून, कुणाला कर्करोग झाला? कुठला? कितव्या वर्षी? एकाच माणसाला दोनदा, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला का? उत्तरे काळजीची निघाली तर त्या घराला पुढचा रस्ता दाखवावा. टाटा स्मारक केंद्रात डॉ. राजीव सरीन यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले कर्करोगाच्या आनुवंशिकतेचे काम अनेक वर्षे चालू आहे. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि आयसर ही विज्ञानसंस्था यांनी स्तनाच्या कर्करोगावर एकत्र संशोधन उभे केले आहे. ज्ञान इतक्या जवळ आलेले असताना आहुप्याच्या किंवा हातवीजच्या बाईला एका बोलण्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून मुंबई गाठावी लागू नये. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक बसावा, गरज पडली तर मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाशी पडद्यावर बोलणे करून द्यावे. घरातला बदल एकदा सापडला की नातेवाइकांमध्ये तेवढाच शोधणे सोपे आणि स्वस्त असते. तो खर्च सरकारने उपचाराचाच भाग मानून उचलावा. समुपदेशक महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर त्यांच्या बोलीत बोलणारा असावा. नातेवाइकांना कळवण्याची पोस्टमनकी आजारी बाईवर एकटीवर न टाकता, तिच्या संमतीने, समुपदेशकाने वाटून घ्यावी.

आणि एक अट. हे प्रश्न विचारणारी आशाताई त्याच गावची असते, अनेकदा त्याच भावकीतली. घराण्याचा तो कागद चावडीवर पोचला तर उद्या कुणी तोंड उघडणार नाही. म्हणून आशाताईने फक्त विचारावे आणि पाठवावे. निकाल मात्र ज्याचा त्याच्याच हाती पडावा. ज्याला जाणून घ्यायचे नाही, त्याचा तो हक्कही मानावा.

सरकारचे काम सरकार करील तेव्हा करील. घराचे काम आजच होण्यासारखे आहे. पान वाढून झाले, कावळा येऊन गेला, की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावे. आजी कशाने गेली, आत्या कितव्या वर्षी गेली, मामाला नक्की काय झाले होते, हे विचारून लिहून ठेवावे. सासरी असलेल्या बहिणीला फोन करून तिच्याकडचेही लिहावे. बहुतेक घरांत त्या वहीत काळजीचे काही निघणार नाही, आणि तेही कळणे चांगलेच.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की आपल्यातले कुणी तरी हात जोडून पुढे होते आणि गेलेल्या बाईला सांगते, "लेकरांची काळजी करू नको, आम्ही सांभाळू." हे वचन कितीतरी घरांनी कितीतरी जणींना दिले आहे. तिचा आजार तिच्या लेकींना सांगणे, हा त्या वचनाचाच भाग आहे.